पेरलं, उगवलं

शिपायाने पाकीट टेबलावर ठेवण्याआधी ते दोन्ही हातांनी तोलून पाहिलं.

"फार हलकं आहे, बाई. एवढ्याशा कागदात कुणाला मारून होतं का?"

"काकांना होतं," बाई म्हणाल्या. "आणलंत एकदाचं! काय म्हणाले?"

"म्हणतात कसले! दार उघडंच होतं. टेबलापाशी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला होता त्यांचा. पाकीट समोरच पडलेलं, वर आपल्या ऑफिसचा पत्ता. डिंकाची बाटली उघडीच राहिली होती, तिला बूच लावलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवा. उचललं पाकीट आणि निघालो." दारापर्यंत जाऊन तो वळला. "एवढी माणसं मारली, पण घोरत मात्र नाहीत हो अजिबात."

बाई हसल्या. सकाळी दहाला निघालेला हा गृहस्थ पोस्ट, कागदवाला, बाइंडर असा सगळा गाव पालथा घालून पावणेदोनला परतला होता. एरवी बाईंनी त्याची हजेरी घेतली असती. आज तो सुटला, कारण या पाकिटाची त्या तीन आठवडे वाट पाहत होत्या.

काकांना सगळं प्रकाशन पाठीमागे खूनकाका म्हणे. रहस्यकादंबऱ्या लिहून लिहून त्यांनी एक्केचाळीस माणसं मारली होती. विष, दोर, गच्ची, घसरडी पायरी, काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. "काका तरी म्हणतात ना," असं म्हणून ते विषय संपवत. माणूस इतका भिडस्त, की फोनवरसुद्धा "बोलू का?" असं विचारल्याशिवाय पुढचा शब्द काढत नसे.

बाई अकरा वर्षं त्यांची हस्तलिखितं तपासत होत्या. दोघांच्या कामाची एक रीत ठरून गेली होती. काका एकेक प्रकरण पाठवायचे. बाई ते हिरवी पेन्सिल घेऊन वाचायच्या आणि पुढे जे घडणार त्याची चाहूल देणारी वस्तू दिसली, की समासात बारीकशी फुली करायच्या; पुढे छापखान्यातून तपासायला मुद्रितं आली, की त्यांवरही. शिवाय प्रत्येक पुस्तकाचा एक वेगळा कागद असे. त्यावर उभी रेघ मारून डाव्या बाजूला 'पेरलं' आणि उजव्या बाजूला 'उगवलं' असं लिहिलेलं. खुंटीवरचा पट्टा तिसऱ्या प्रकरणात दिसला, तर डावीकडे पट्टा, प्रकरण तीन. शेवटी तो कुणाच्या गळ्याभोवती सापडला, की उजवीकडे नोंद. डावीकडचं एखादं उजवीकडे गेलं नाही, तर बाई काकांना फोन करत. मग ते कुठेतरी उगवे, नाहीतर गाळलं जाई.

पेरण्याचा नियम काकांचा होता. पहिल्याच भेटीत त्यांनी तो सांगितला होता, लाजत लाजत, आपल्या हातून काही गुपित फुटतंय अशा आवाजात.

"पहिल्यांदा नुसतं दाखवायचं. दुसऱ्यांदा त्यावरून हसवायचं. तिसऱ्यांदा अशा जागी ठेवायचं, की वाचणारा त्यावरून पाय टाकून पुढे जाईल."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा आपल्याला काही करावं लागत नाही, बाई. ते आपलं आपण येतं."

या नियमात बाईंची नजर इतकी तयार झाली होती, की पहिल्या पन्नास पानांत कोण मरणार हे त्या सांगू शकत. एकदाही चूक नाही. ऑफिसातली माणसं त्यावर चहाच्या पैजा लावत आणि बाईंना त्याचा थोडा गर्वही होता.

ही बेचाळिसावी कादंबरी मात्र सुरुवातीपासून त्यांना आवडत नव्हती. वाईट होती असं नाही. वाचताना अंगावर काटा येत होता, तोही भलत्याच ठिकाणी. गोष्ट एका शिंपिणीची आणि तिच्याकडे शिकायला राहिलेल्या भाचीची. दोन खोल्यांचं घर. दुसऱ्या प्रकरणात त्या घराच्या जिन्याची नववी पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच निघाली, आणि बाई वाचता वाचता थांबल्या. त्यांच्या जिन्याचीही नववी पायरीच उंच होती. तिसऱ्या प्रकरणात स्वयंपाकघरातला नळ बंद केल्यावर सात थेंब टाकून मगच गप्प झाला. त्या संध्याकाळी बाईंनी घरी जाऊन नळ बंद केला आणि ओट्यापाशी उभं राहून थेंब मोजले. सातच पडले.

काका त्यांच्या घरी कधीच आले नव्हते. पायरीबद्दल, नळाबद्दल आपण त्यांना कधी बोललो होतो का, हे बाईंना काही केल्या आठवेना. बोललोही असू. अकरा वर्षांत फोनवर माणूस काय काय बोलतो. सगळ्यांची घरं सारखीच असतात, अशी समजूत घालून त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

चौथ्या प्रकरणात शिंपिणीने बाथरूमची वरची छोटी खिडकी कापड बेतायच्या कागदाने बंद केली, थंडी आत येते म्हणून. बाईंनी फुली केली. नवव्या प्रकरणात शेजारीण त्यावरून म्हणाली, "अगं, तुझ्या खिडकीने सदरा घातलाय." बाईंनी दुसरी फुली केली. त्यानंतर मात्र खिडकीचा कुठे पत्ताच नव्हता. पंधराव्यात भाची ओले केस मोकळे टाकून, कपाळाला पट्टी बांधून पडून राहिली होती, पण तिथे खिडकी नव्हती, म्हणून बाईंनी फुली केली नाही. विसावं प्रकरण संपल्यावर त्यांनी हस्तलिखिताला चिठ्ठी लावली: खिडकीतल्या कागदाचं पुढे काहीच होत नाही. गाळावं का?

काकांचा लगेच फोन आला.

"बोलू का? गाळू नका हो. राहू द्या ते."

"मग उगवणार कुठे?"

"शेवटच्या प्रकरणात. पण ते माझ्याकडून लिहून होत नाही. मुलीला मारायचंय आणि ती मला आवडायला लागलीय."

"काका, छापखाना खोळंबलाय. मारून टाका तिला एकदाची आणि मोकळे व्हा."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज झाला. मग काकांनी विचारलं, "तुमची लेक कशी आहे?"

हे ते प्रत्येक फोनला विचारत आणि बाईंना तो केवळ शिष्टाचार वाटे. त्या महिन्यात लेकीबद्दल सांगण्यासारखं होतंही. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. ती दिवसभर घरीच अभ्यास करायची, आणि रोज दुपारनंतर तिचं डोकं असं चढायचं की पुस्तकातली अक्षरं दिसत नसत. दोनदा उलटी झाली होती. एकदा बाथरूमच्या दारात भिंतीला धरून खालीच बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले, ताण आहे म्हणाले. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. लेकीला काही झालं तर, या विचारापुढे बाईंचं डोकं चालत नसे. त्या मुकाट्याने उठून भांडी आवरायला लागत.

हे सगळं त्यांनी काकांना सांगितलं होतं. आणखीही बरंच सांगितलं होतं. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा म्हणाल्या होत्या, "घरी गॅसचा गीझर बसवलाय, पण वरच्या खिडकीतून असा गार वारा येतो, की गरम पाणी अंगावर घेईपर्यंत दात वाजतात." काका म्हणाले होते, "थंडी आहेच यंदा. मला दारापर्यंत उठवत नाही. दार नुसतं लोटून ठेवतो हल्ली. येणारा येतो."

पंधरा दिवसांनी बाईंनी सांगितलं, "तुमच्या मागच्या पुस्तकाचा फार उपयोग झाला बघा."

"कुणाला?"

"आमच्या बाथरूमला. मुद्रितांची चाळीसेक पानं त्या खिडकीच्या काचांमध्ये कोंबली. आता वाऱ्याची काय बिशाद!"

"म्हणजे कुठेतरी खपलं म्हणायचं," काका म्हणाले, आणि दोघंही मनापासून हसले.

"हसताय काय? तुम्ही दार उघडं टाकून बसता, चोर आला तर?"

"हस्तलिखित नेईल. वाचावं लागेल बिचाऱ्याला. तेवढी शिक्षा पुरे."

आता दोनला दहा मिनिटं कमी असताना बाईंनी पाकिटातून कागद काढले. दोनच पानं होती. काकांचं अक्षर एरवी ओळीत बसलेलं असे. आज ते उजवीकडे उतरत गेलं होतं आणि शेवटची ओळ तर पार कोपऱ्यात जाऊन टेकली होती. बाईंनी 'पेरलं, उगवलं'चा कागद शेजारी मांडला, चष्मा खाली ओढला आणि वाचायला घेतलं.

भाची आंघोळीला गेली. गरम पाण्याचा आवाज सुरू झाला. आत ती काहीतरी गुणगुणत होती. शिंपीण बाहेर मशीनवर एका बाहीची शिवण घालत होती. बाही संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गुणगुणणं थांबलंय आणि पाण्याचा आवाज मात्र चालू आहे. ती उठली. स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि खिडकीतला कागद दोन्ही हातांनी ओढू लागली. छापील पानं एकामागून एक बाहेर येत राहिली, आणि त्यांच्या कडांना हिरव्या खुणा होत्या. मजकूर तिथेच संपला होता.

बाईंच्या हातातली पेन्सिल आपोआप समासाकडे गेली. अकरा वर्षांची सवय. काकांची चूक झाली होती: चौथ्या प्रकरणात बेतायचा कागद होता आणि इथे छापील पानं आली होती. शिंपिणीच्या घरात छापील पानं कुठून येतील? विसंगती, असं लिहून त्यांनी पुढे लिहायला घेतलं: प्रकरण चारमध्ये बेतायचा का

पेन्सिल तिथेच थांबली.

त्यांनी 'हिरव्या खुणा' हे शब्द पुन्हा वाचले. मग शेजारच्या कागदावर नजर टाकली. डावीकडे खिडकी, प्रकरण चार. खिडकी, प्रकरण नऊ. खाली जागा मोकळी. तिथे कुणी न सांगता त्यांना पंधरावं प्रकरण दिसलं, ओले केस मोकळे टाकून पडलेली मुलगी दिसली, आणि ती भाची नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती. लेक सकाळचा अभ्यास उरकून बरोबर दोनला आंघोळीला जाई.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या मावशींना मोबाइलवर फोन लावला. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे.

"मावशी, आमच्याकडे जा. आत्ता."

"अगं, दूध तापायला ठेवलंय—"

"उतू जाऊ दे दूध! किल्ली घ्या आणि वर जा, मावशी, तुमच्या पाया पडते. फोन ठेवू नका."

बाई उभ्या होत्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. फोनमधून मावशींच्या चपला ऐकू येत होत्या, पायरी पायरीवर. एका पायरीवर त्या अडखळल्या आणि "अगंबाई" म्हणाल्या. बाईंना कळलं, नववी. मग किल्लीचा आवाज. मग दार.

"पाणी चाललंय गं आत," मावशी म्हणाल्या. "हाक मारतेय, ओ देत नाही."

"दार ढकला. ती कडी लावत नाही. ढकला ना!"

काहीतरी पडल्याचा आवाज झाला, बहुधा फोनच. नंतर लांबून मावशींचं ओरडणं, ओढल्याचा, घासल्याचा आवाज, खिडक्या धाडधाड उघडल्याचा आवाज. बाई एका हाताने टेबलाची कड धरून ऐकत राहिल्या. पेन्सिल त्यांच्या मुठीत मोडली तेही त्यांना कळलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मग कुणीतरी खोकलं. घशाच्या तळातून आलेला तो खोकला बाईंच्या ओळखीचा होता. लहानपणी लेकीला पोहायला शिकवताना तिच्या नाकातोंडात पाणी जाई, तेव्हा ती अशीच खोकायची. बाई मटकन खाली बसल्या आणि भोकाड पसरून रडू लागल्या, ऑफिसात, सगळ्यांदेखत.

इस्पितळात डॉक्टर फार बोलले नाहीत. गीझरच्या धुराला बाहेर जायला जागा नव्हती, म्हणाले. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. डोकेदुखीचं कारणही तेच. मग त्यांनी विचारलं, "खिडकी कुणी बंद केली होती?"

"मी," बाई म्हणाल्या.

लेक नाकावरच्या नळीतून श्वास घेत होती. तिने डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि पुटपुटली, "परीक्षा बुडाली का?" बाईंनी तिचे अजून ओलसर असलेले केस कानामागे सारले आणि खाटेच्या लोखंडी दांडीला डोकं टेकलं.

संध्याकाळी त्यांनी काकांना फोन केला. उचलला नाही. रात्री जेवायच्या वेळी केला, सकाळी उठल्यावर पुन्हा दोनदा केला. लाजत असतील, असं त्यांना वाटलं. कालचं प्रकरण वाचून आपण काय म्हणू, या विचाराने फोनकडे बघत बसले असतील. मुलीला मारायचं त्यांच्याने झालं नव्हतं, हेच त्यांना आपल्या धंद्याला कमीपणा आणणारं वाटत असेल. भिडस्त माणसाचं काही सांगता येत नाही.

लेकीपाशी मावशींना बसवून बाई घरी आल्या. बाथरूममध्ये स्टूल नेलं, त्यावर चढल्या आणि पानं ओढू लागल्या. दमट होऊन ती एकमेकांना चिकटली होती. एक आलं, मग तीन एकदम आली, मग सगळा गठ्ठाच सुटला आणि गार वारा तोंडावर आला. प्रत्येक पानाच्या कडेला त्यांच्याच हातच्या हिरव्या फुल्या होत्या. त्यांनी ती पानं पुसून, सरळ करून पिशवीत घातली. काकांना दाखवायची होती. बरंच काही विचारायचं होतं: नळाचे थेंब तुम्हाला कुणी सांगितले, आणि छापील पानं लिहिताना तुमच्या मनात काय होतं, की तुम्हालाच ठाऊक नव्हतं? पण आधी एकच सांगायचं होतं. त्यासाठी फोनवर थांबणं त्यांना जमेना.

काकांचं घर त्यांनी पूर्वी दोनदा पाहिलं होतं. तळमजला, हिरवट रंगाचं दार, शेजारी मनीप्लांटची कुंडी. उन्हाचा चौकोन उंबऱ्यापर्यंत आला होता. कुंडीच्या बाजूला दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडली होती, कालचं खाली, आजचं वर. दार लोटलेलं होतं. बोटभर फटीतून आतल्या टेबलावरचा दिवा भर दुपारी जळताना दिसत होता.

बाईंनी दार ढकलायला हात पुढे केला.

दार नुसतं लोटून ठेवतो हल्ली, येणारा येतो. हे त्यांनी ऐकलं होतं आणि बरं म्हटलं होतं. त्याच दारावरून त्यांनी काकांची चेष्टा केली होती, आणि चोराच्या शिक्षेवर दोघंही हसले होते. आणि काल पाकीट घ्यायच्या घाईत शिपायाच्या बोलण्यावरून पाय टाकून त्या पुढे गेल्या होत्या. दार उघडंच होतं. बसल्या बसल्या डोळा लागला होता. डिंकाच्या बाटलीला बूच लावलं. घोरत मात्र नाहीत हो अजिबात. त्यावरही त्या हसल्या होत्या.

हात दारापासून वीतभर अंतरावर थांबला. आतून कसलाच आवाज येत नव्हता. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि फटीपाशी तोंड नेऊन, काकांना ऐकू जाईल अशा बेताने, हळूच म्हणाल्या,

"बोलू का, काका? लेक बरी आहे."

 मग त्यांनी दार ढकललं.